सराट्याचा पाला

जिन्याखाली म्हातारा पडलाय, असा फोन मुलुंडच्या ठाण्यात आला तेव्हा उपनिरीक्षक शीतल गायसमुद्रे नुकतीच डबा उघडून बसली होती. डबा तसाच झाकला आणि ती निघाली. भर दुपारी वसाहतीतली माणसं पेंगलेली असतात, पण ती पोचली तेव्हा अख्खा मजला खाली उतरला होता आणि जो तो दुसऱ्याला ‘बाजूला व्हा, हवा येऊ द्या’ म्हणून ओरडत होता. ज्याला हवा हवी होती तो केव्हाच गेला होता.

भीमराज सोनकांबळे. सत्तरी ओलांडलेला, टेलिफोन खात्यातून निवृत्त, पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड. मूठभर शरीराचा माणूस. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी कुशीवर पडला होता. अंगात स्वच्छ सदरा, पायात रबरी चपला.

“पाय घसरला असणार, मॅडम,” हवालदार दशरथ म्हणाला. “या वयात जिना म्हणजे वाटच लागते.”

“जिन्यावरून गडगडला आणि दोन्ही चपला पायात राहिल्या?”

“राहतात की कधी कधी.”

शीतल उकिडवी बसली. चपलेच्या तळव्यात काटे रुतले होते. लहान, टणक, चहूबाजूंनी टोकं असलेले. तिने एक उपटला आणि तळहातावर धरला. शीतल उदगीरकडची. तिकडच्या पोरांना शाळेच्या वाटेवर बाराखडीच्या आधी हा काटा कळतो.

“सराटा,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“रानात जमिनीवर पसरतो. बारीक पिवळी फुलं येतात. दशरथ, याची टोकं बघा. एकही मोडलेलं नाही.”

दशरथने मान हलवली. म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं. त्याची चूक नाही. तो गिरगावात वाढलेला.

म्हाताऱ्याच्या नखांत रेती होती. बोटं हिरवट झाली होती. वसाहतीत रंगरंगोटी आणि डागडुजी चालली होती, परांचीमुळे फाटकावरचा कॅमेरा झाकला गेला होता, आणि बांधकामाच्या रेतीचा ढीग दारातच होता. दशरथने तो दाखवला. शीतलने ढिगातली चिमूट आणि नखातली चिमूट शेजारी शेजारी धरून पाहिली. ढिगातली रेती काळी आणि भरड. नखातली बारीक, पिवळसर, आत शिंपल्याची चूर. तिने दोन्ही चिमटी कागदात बांधून घेतल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एका बाईने शीतलच्या कानाशी तोंड नेलं. काही माणसांना मढ्याशेजारीसुद्धा धीर धरवत नाही.

“सकाळी बापलेकाचं कडाक्याचं वाजलं होतं हो. मुलगा म्हणत होता, मरा म्हणून.”

तिसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदनाचा निकाल आला. पाठीकडच्या बरगड्या मोडलेल्या. पोटात रक्त साचलेलं. पाठीवर एकच वळ, आडवा आणि सरळ. डोकं, कोपर, गुडघे धडधाकट. डॉक्टर म्हणाले, पाठीत काहीतरी जड आणि जोरात लागलंय, मार लागल्यावर माणूस थोडा वेळ जिवंत असावा.

ठाण्याचे मोठे साहेब निर्णयाला पक्के होते. “जिन्याचा कठडा. पोराने ढकलला, बाप कठड्यावर पाठीने आपटला. दुपारी घरी येऊन गेल्याचं पोरगा स्वतःच कबूल करतोय. आणखी काय पाहिजे तुला? उद्या त्याला कोर्टात उभा करतो.”

“मला एक दिवस द्या, सर.”

“उद्या सकाळपर्यंत. त्यापुढे नाही.”

पोरगा म्हणजे प्रबुद्ध, पहिल्या रात्रीपासून ठाण्यात. चाळिशीचा, कांजूरमार्गच्या एका कारखान्यात सुपरवायझर. बापाच्या अंगावर पांढरं वस्त्र घालायचं त्या दिवशी तो ठाण्याच्या बाकावर बसला होता. शीतल त्याच्यासमोर बसली.

“भांडण कशावरून झालं?”

“घरातलं होतं.”

“घरातलं म्हणजे?”

“सोडा ना, मॅडम. मी बोललो ते बोललो.”

“प्रबुद्ध, उद्या तुम्ही आत जाल. आई अंथरुणाला खिळलेली आहे. बायको एकटी काय काय बघेल? बोला.”

तो हाताच्या तळव्यांकडे बघत बोलायला लागला.

“आईला पोटाचा कॅन्सर आहे. हॉस्पिटलने सांगितलं, घरी न्या, खाईल ते द्या. पण ती काही खातच नाही. परवा एकदम म्हणाली, सराट्याची भाजी खावीशी वाटते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या गावाने तीच खाऊन दिवस काढले होते. बाबा म्हणाले, आणतो. मी म्हटलं, मुंबईत कुठे मिळणार? गटाराकाठचं काहीतरी उपटून आणाल आणि तिला माराल. ते ऐकेनात. मग मी म्हणालो…” तो थांबला. “मी म्हणालो, आणा, शिजवा, आणि दोघं मिळून मरा.”

शीतलने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

“दुपारी का आला होतात?”

“माफी मागायला. बाबा घरात नव्हते. आईला औषध पाजलं आणि परत गेलो. जिन्यात तेव्हा कुणी नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. मी माफी मागितली नाही, मॅडम. ते राहूनच गेलं.” आणि एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

शीतल तडक सोनकांबळ्यांच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर. शांताबाई खिडकीशी खाटेवर होती. हाडं आणि डोळे, एवढीच उरली होती. पण डोळे लख्ख होते.

“जयभीम, आई.”

“जयभीम, लेकरा. माझा पोरगा कुठाय?”

“येईल.”

“तू म्हणतीस म्हणून येईल, का खरंच येईल?”

शीतलने खोटं बोलायचं टाळलं. ती खाटेच्या कडेला बसली. “भीमराजबाबा त्या दिवशी तुम्हाला काय सांगून गेले?”

“म्हणाले, संध्याकाळी तुला हिरवं खाऊ घालतो. कुठं जाताय विचारलं तर हसले. पंचावन्न वर्षांचा संसार, पण न सांगता उंबरा ओलांडला नाही त्यांनी कधी. त्या दिवशी मात्र सांगितलं नाही. पोराला कळू नये म्हणून असंल.” तिने शीतलचं मनगट धरलं. “माझा माणूस त्या दिवशी कुठं होता आणि कसा गेला, एवढं मला सांग. मी थोड्या दिवसांची आहे. ते न कळता मला जायचं नाही. आणि पोरावर हा आळ ठेवून तर नाहीच नाही.”

सून चहा घेऊन आली. सपना, कांजूरमार्गचीच मुलगी, मुंबईबाहेर कधी राहिलेली नाही. डोळे सुजले होते. शीतलने तिला विचारलं, “गेल्या दोन दिवसांत काही विचित्र घडलं? अगदी क्षुल्लकसुद्धा सांगा.”

“विचित्र म्हणजे… काल सकाळी कुणीतरी आमची चेष्टा केली, मॅडम.”

“कसली चेष्टा?”

“आमच्या बिल्डिंगमध्ये फुलवाला पहाटे सगळ्यांच्या कडीला फुलपुडी लावून जातो. आमच्याकडे लावत नाही, त्याला ठाऊक आहे. काल मात्र आमच्या कडीला कापडी पिशवी. आत हिरवा पाला. मला वाटलं, पूजेची पत्री असेल, समोरच्या जानकीकाकूंची चुकून इकडे लागली. मी नेऊन त्यांच्या कडीला लावली.”

“मग?”

“आंघोळ करून येते तर पिशवी परत आमच्या दारावर! मला इतका वैताग आला ना. घरात मरण झालेलं, बाबा अजून हॉस्पिटलमधून यायचे होते, आणि लोकांना हे सुचतंय. मी ती कचऱ्याच्या गाडीत टाकली.”

“पाला कसा होता?”

“चिंचेसारखी बारीक बारीक पानं. आणि काटे पण होते. हे बघा, बोटाला लागला.”

खाटेवरून आवाज आला, “सपना, अगं, तो माझा पाला होता.”

सपनाला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा तिने तोंडावर पदर दाबला. “आई, मला काय माहीत गं! मी कधी बघितलाच नव्हता!”

“तुला कोण बोलतंय, बाळा? ये इकडं.” शांताबाईने हात पुढे केला आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. शीतल उठून दाराशी गेली. तिलाही सावरायला थोडा वेळ हवा होता.

समोरचं दार चंद्रप्रकाश गावकरांचं. मूळचे कुडाळकडचे, बाप गिरणीत होता, हे स्वतः आयुष्यभर टेम्पो चालवत. साठी कधीच उलटली होती, तरी खांदे अजून भक्कम. भीमराजची आणि त्यांची रोजची बैठक. प्रबुद्ध लहानपणी ह्यांच्याच घरी जेवून झोपायचा. दार त्यांच्या बायकोने, जानकीने उघडलं.

“ये गो बाय, बस. त्या पोराक सोडलंत?”

“अजून नाही, काकू. काका, तुम्ही परवा दुपारी कुठे होतात?”

चंद्रप्रकाश खुर्चीत होते. शीतलचा आवाज ज्या बाजूने आला तिकडे त्यांनी मान वळवली, पण नजर जरा चुकून भिंतीवर गेली.

“घरी. झोपलेलो.”

“काकू होत्या?”

“नाय, ती दिंडोशीक बहिणीकडे.”

“खाली पिवळी व्हॅन उभी आहे ती कुणाची?”

“लेकीची. श्रुतिकाची. शाळेची पोरं नेते ती. परवा शाळेक सुट्टी होती.”

“तुम्ही चालवता?”

उत्तर जानकीने दिलं. “छे गो! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरांनी गाडीक हात लावू नको म्हणून सांगितलंय. दिवाळीनंतर ऑपरेशन. लेकीने तर शपथ घातलीय.”

“भीमराजबाबांचं आणि मुलाचं भांडण तुम्ही ऐकलंत, काका?”

“नाय ऐकलं. मागाहून कळलं.” ते पुढे झुकले. “त्याला सोडाल ना तुम्ही? त्या पोराने काय केलं नाय. मी सांगतो ना.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय.”

“काकू, काल सकाळी तुमच्या कडीला एक कापडी पिशवी होती?”

“होती की. मी म्हटलं पत्री, आत घेऊन ठेवली. ह्यांनी हात घालून बघितली, आणि म्हणाले, आपली नाय ही. परत समोर लावून आले.”

चंद्रप्रकाश मान खाली घालून बसले होते. शीतलने त्यांना पुढे काही विचारलं नाही. ‘येते’ म्हणून ती जिना उतरली.

खाली दशरथ व्हॅनभोवती एक फेरी मारून आला होता. “मॅडम, गाडी धुऊन लख्ख केलीय. आत काहीही नाही.”

“टायर बघितलेत?”

दोघं वाकले. मागच्या टायरच्या खाचांत बारीक टणक काटे घट्ट बसले होते. एक, दोन, मग पुष्कळ. शीतलने आतली रबरी चटई उचलली. तिच्याखाली वाळू होती, बारीक आणि पिवळसर. तिने मोठ्या साहेबांना फोन लावला, थोडक्यात सांगितलं आणि प्रबुद्धला घरी आणायची परवानगी मागितली. साहेब कुरकुरले, पण हो म्हणाले.

ऊन खिडकीतून उतरायच्या आत सगळे शांताबाईच्या खाटेभोवती होते. प्रबुद्ध आईच्या पायांशी बसला. सपना त्याच्यामागे. जानकी दाराला टेकून. चंद्रप्रकाशांना दशरथने हाताला धरून आणलं.

“आई, तुम्ही विचारलं होतंत ते सांगते,” शीतल म्हणाली. “भीमराजबाबा या जिन्यावरून पडलेच नाहीत. जिन्यावरून पडलेल्या माणसाचं डोकं फुटतं, गुडघे सोलतात. त्यांच्या पाठीवर एकच सरळ वळ होता, आणि चपलासुद्धा पायात होत्या.

“त्या चपलांत सराटे होते. आपल्याकडचा माणूस सराटा रुतला की पुढचं पाऊल टाकत नाही. तिथेच बसतो, काटा काढतो. बाबांनी काढला नव्हता. आणि काट्याची टोकं न मोडलेली. म्हणजे सराटा रुतल्यावर त्यांचं पाऊल जमिनीला फारसं लागलंच नाही. त्यांना उचलून गाडीत घातलं, उचलूनच बाहेर काढलं. नखांत समुद्राची वाळू होती. म्हणून मी समजले, सराटा त्यांना समुद्राकाठी मिळाला.”

“समुद्राकाठी?” प्रबुद्धने विचारलं.

“वाळूत येतो तो. आता तो सरळ वळ. सराटा जमिनीला चिकटून वाढतो, उभ्याने खुडता येत नाही. बाबा उकिडवे बसून पाला खुडत होते. लहानखुरा माणूस, बसला की आणखी लहान. त्यांच्या मागे एक गाडी उभी होती. चालवणाऱ्याने ती मागे घेतली आणि मागचा बंपर आडवा त्यांच्या पाठीत बसला. त्याला आरशात ते दिसले नाहीत. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तर दिसणारच नव्हते.”

जानकीच्या तोंडून “अगो बाई!” असं निघालं आणि तिने दोन्ही हातांनी चौकट धरली.

“तरीही मला खात्री नव्हती. खात्री पिशवीने पटली. सपनाला ती पत्री वाटली, तिने समोर लावली. ज्याला पत्री वाटेल तो पूजेला ठेवील. ज्याला गवत वाटेल तो फेकील. पण ही पिशवी मुकाट्याने परत याच दाराला आली. तो पाला ह्या घरच्या खाटेवरच्या बाईने खायचा आहे, हे पाला बघून ओळखतील असे, आई, तुम्हाला सोडून तिघेच होते. प्रबुद्ध तेव्हा ठाण्यात होता. बाबा गेले होते. तिसरा माणूस तो, ज्याने त्यांना तो खुडताना बघितलं. काका, पिशवी तुम्ही दोनदा लावलीत.”

चंद्रप्रकाश खाली बसले. खुर्ची बाजूलाच होती, पण ते फरशीवर बसले.

“होय,” ते म्हणाले. “मीच.”

“काका?” प्रबुद्धने विचारलं.

“भीमा म्हणाला, चंदू, सराटा पाहिजे. मी म्हटलं, काय असतं ते? त्याने सांगितलं तसा मला आठवला, अक्साच्या किनाऱ्यापुढे वाळूत बघितलेला. मी हसलो, म्हटलं काट्याची भाजी खातत काय रे? तर म्हणाला, शांता खाते. मग काय बोलणार? श्रुतिकाची चावी घेतली. डोळे धूसर, पण रस्ता पायाखालचा. तिकडे पोचलो, तो खुडत बसला. मी म्हटलं, गाडी सावलीत घेतो. आणि…” त्यांनी हाताने तोंड पुसलं. “धक्का लागला तेव्हा मला वाटलं दगड आहे.”

“हॉस्पिटलात का नाही नेलंत?” शीतलने विचारलं.

“तोच नको म्हणाला. नुसता मुका मार आहे, घरी चल, संध्याकाळच्या आत भाजी पोचली पाहिजे. मी ऐकलं. वाटेत कितीतरी हॉस्पिटलं होती. दिंडोशीपर्यंत बोलत होता. कांजूरमार्गला हाक मारली, तर ओ नाय दिली.”

“मग जिन्याखाली ठेवलंत.”

“गाडी जप्त होईल, श्रुतिकाचं सगळं जाईल, एवढंच डोक्यात. वाटलं, लोक म्हणतील म्हातारा पडला, आणि होईल. सकाळी भांडण झालेलं मला खरंच ठाऊक नव्हतं. प्रबुद्धला उचललं, तसा दोन दिवस… दोन दिवस म्हणत होतो, आता जातो, सांगतो. पाय उचलत नव्हता. म्हटलं, नुसता पाला तरी वहिनीला पोचू दे.”

प्रबुद्ध उठला. सपनाने त्याचा हात धरला, पण तो मारायला उठलाच नव्हता. तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

शांताबाई आतापर्यंत छताकडे बघत होती. तिने मान वळवली.

“चंदूभावजी, शेवटचं काय बोलले ते?”

चंद्रप्रकाश म्हणाले, “म्हणाला… हळू चालव. पाला चुरगळंल.”

शांताबाईने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, ते पुसायची ताकद तिच्यात नव्हती. सपनाने पुसलं.

“वहिनी, मला माफ करा.”

“गाडी लागली, ती चूक,” शांताबाई सावकाश म्हणाली. “डोळे नव्हते तुम्हाला. दवाखान्यात नेलं नाही, ते त्यांचंच ऐकलंत. त्यांना आता विचारता आलं असतं तर ते तुम्हाला माफ करून मोकळे झाले असते, स्वभावच तसा होता त्यांचा. पण माझं पोर दोन दिवस बापाच्या खुनाचा आळ घेऊन बसलं होतं, बापाला शेवटची आंघोळ घालायला त्याला मिळालं नाही, आणि तुम्ही समोरच्या दारात बसून होता. हे मी माफ करणार नाही. मी मेल्यावर प्रबुद्धने करावं, त्याला वाटलं तर.”

खिडकीशी उभ्या प्रबुद्धने मागे वळून पाहिलं नाही.

चंद्रप्रकाशांनी मान हलवली. बरोबर आहे, असं म्हणाल्यासारखी. दशरथने त्यांना उठवलं. जानकी समोर आपल्या घरात जाऊन नवऱ्याचा सदरा आणि गोळ्या घेऊन आली, आणि शीतलच्या मागोमाग ते जिना उतरायला लागले.